मिल्टनचा अन्वय

मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’चे (१६६७) पहिले वाक्य सोळा ओळींचे, मुख्य क्रियापद येते सहाव्या ओळीत. इंग्रज वाचकाला हा खोळंबा जाणवतो. त्याच्या भाषेतील विभक्तिप्रत्यय बहुतेक झिजून गेले. कर्ता-कर्म ओळखायचे ते जागेवरून. एलियटने १९३६ मध्ये मिल्टनच्या शैलीला दूषण दिले, १९४७ मध्ये ते बरेच सौम्य केले.

आम्हां मराठी वाचकांची अडचण उलटी. क्रियापदासाठी वाक्याच्या टोकापर्यंत थांबणे आमच्या अंगवळणी पडलेले; म्हणून हा अन्वय आम्हांला सोपा वाटतो, आणि तेथेच फसगत होते. अनुवादात क्रियापद शेवटी गेले की वाक्य सुरळीत होते आणि निर्जीवही. आमच्या मते ते सहाव्याच ओळीत ठेवावे, उरलेल्या दहा ओळी मागून येऊ द्याव्यात. मराठी कान अडखळेल तो तेथे.