अंबाजोगाईची दुसरी पासोडी

दासोपंतांनी अंबाजोगाईत 'पंचीकरण' लिहिलं ते पासोडीवर. सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद कापड. याच गावात आणखी एक कापड वाचलं जातं: स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सूक्ष्मदर्शकाखाली. कापड हा शब्द ओढूनताणून आणलेला नाही; शरीरातल्या टिश्यूसाठीच्या 'ऊती' या शब्दातच विणण्याचा अर्थ आहे.

फुप्फुसाचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचे 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप काढतात. हिमॅटॉक्सिलिन पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतं, इओसिन बाकीच्याला गुलाबी रंग देतं. निरोगी फुप्फुस काचेवर जवळजवळ रिकामंच दिसतं. वायुकोशांच्या झिरझिरीत भिंती आणि मधे नुसती हवा. रोग लिहितो तो बहुधा याच कोऱ्या जागेत.

या संहितेची नायिका एक पेशी आहे, मॅक्रोफेज. परकं दिसेल ते गिळणं हे तिचं काम. ते ओळखणाऱ्या मेच्निकॉफला 1908 साली नोबेल मिळालं. फुप्फुस वाचायचं म्हणजे हिनं काय काय गिळलं ते वाचायचं.

पहिलं रूप साधं. पोटात काळे कण भरून ती भिंतीच्या कडेला बसलेली असते. बिडीचा, रस्त्यावरचा, ऊसतोडीच्या कोपीतल्या चुलीचा धूर. कार्बन तिला पचत नाही आणि टाकवतही नाही.

दुसरं रूप क्षयाचं. इथे ती एकटी लढत नाही. अनेक जणी लांबट होऊन एकमेकींना खेटतात. काही तर एकजीव होऊन त्यांची एकच महाकाय पेशी बनते. तिची केंद्रकं कडेनं घोड्याच्या नालासारखी मांडलेली असतात. लांगहान्सनं 1868 साली तिचं वर्णन केलं, तेव्हा कॉखला क्षयाचा जंतू सापडायला अजून 14 वर्षं होती. भोवती लिम्फोसाइट पेशींचं गडद निळं रिंगण, आणि मधोमध फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा, पेशींच्या खुणा पुसलेला गुलाबी भाग. जंतू या रंगात दिसतच नाही. त्याच्यासाठी झील-नील्सन रंग वापरायचा आणि निळ्या पटावर एखादी लाल काडी शोधत डोळे शिणवायचे. काडी एवढीशी, तटबंदी केवढी! या रचनेचं सौंदर्य आणि शोकांतिका एकच: कोंडमारा शत्रूचा होतो, पण गढीतलं घरही पडतं.

तिसरं रूप मला सगळ्यांत गहिरं वाटतं. वायुकोशात तीच पेशी, पण पोटात तपकिरी दाणे. पर्ल्सचा रंग दिला की दाणे निळे होतात; म्हणजे ते लोह. फुप्फुसात लोह कुठून आलं? त्याची एक वाट अशी: लहानपणी घसा आला, मग सांधे सुजले, संधिवाती ज्वरानं हृदयाच्या डाव्या कप्प्यांमधली झडप जाड झाली, तिचं तोंड माशाच्या तोंडासारखं अरुंद उरलं. रक्त मागे फुप्फुसात तुंबलं, तांबड्या पेशी झिरपल्या, मॅक्रोफेजनं त्या गिळल्या. लोह तेवढं मागे राहिलं. पेशी फुप्फुसातली, पण नाव 'हार्ट फेल्युअर सेल'. एका अवयवाचं दुःख दुसऱ्यानं इतक्या नेमकेपणानं नोंदवावं, याला मी उत्तम लेखन म्हणतो.

पण जुन्या रक्तस्रावानंतरही असेच तपकिरी दाणे दिसतात. क्षयासारखी तटबंदी काही बुरशीजन्य आजारांतही उभी राहते. संदर्भ तुटला की ओवीचा अर्थ निसटतो, तसंच स्लाइडचं. म्हणून तपासणीला तुकडा पाठवताना फॉर्मवरची 'हिस्टरी'ची जागा कोरी ठेवू नका. धंदा काय, घरात चूल आहे का, खोकला किती दिवसांचा, लहानपणी सांधे सुजले होते का, हे डॉक्टरांनी विचारावं आणि आपण सांगावं. त्या चार ओळींवाचून स्लाइड अर्धीच वाचली जाते.