पार्थिवाचा प्रवास आणि आमची कथा

परदेशी मृत्यू पावलेल्या माणसाचे पार्थिव स्वगृही आणणे, हा विषय अलीकडे आमच्या कथेत वारंवार येऊ लागला आहे. ज्या समाजातील मुले पोटासाठी आखातात, जहाजांवर आणि इंग्लंड-अमेरिकेत पांगली आहेत, त्या समाजाच्या कथेत तो यावा हे स्वाभाविकच होय. परंतु महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांच्या कथास्पर्धांचे परीक्षण करताना अशा ज्या कथा आमच्या वाचनात आल्या, त्यांची घडण जवळजवळ एकच आढळली. मध्यरात्री दूरध्वनी वाजतो. आई मटकन खाली बसते. एक ओळ कोरी सुटते. आणि पुढच्या परिच्छेदात शवपेटी अंगणात येऊन टेकलेली असते. मधले दहा-बारा दिवस कोठे गेले, हे लेखक सांगत नाही. आमच्या मते खरी कथा त्या गाळलेल्या दिवसांतच होती.

हे मत आमच्या पदरचे नाही. थोर कवींनी ते आपल्या कृतीने सिद्ध केले आहे. होमरच्या 'इलियड'चा चोविसावा सर्ग पाहावा. हेक्टर धारातीर्थी पडून बारावा दिवस उजाडला आहे, त्याचे शव शत्रूच्या छावणीत आहे, आणि म्हातारा प्रायम ते आणावयास निघतो. येथे कवी शोकाचे वर्णन करीत बसत नाही. तो खेचरांची गाडी जोडू लागतो. प्रायम आपल्या उरलेल्या मुलांवर खेकसतो. जू खुंटीवरून काढले जाते. ते आवळण्याचा पट्टा नऊ हात लांबीचा होता, एवढेही कवी आपणांस सांगतो. खंडणी म्हणून काढलेली वस्त्रे बारा-बारांनी मोजली जातात, सोन्याचे दहा टॅलंट तोलले जातात. ज्या बापाच्या हृदयाचे तुकडे झाले आहेत त्याच्या हातांना कवीने काम दिले आहे. आणि त्या कामातूनच त्याचे दुःख आम्हांस दिसते.

याच सर्गात दुसरीही एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. अकिलीज दासींना शव न्हाऊ-माखू घालावयास सांगतो, पण ते प्रायमच्या दृष्टीआड. मुलाचे कलेवर पाहून म्हाताऱ्याचा तोल सुटेल आणि आपलाही क्रोध उसळेल, हे तो जाणतो. खंडणीतीलच दोन शाली व एक अंगरखा शव झाकण्यासाठी मागे ठेवला जातो. नेण्याआणण्याचा सारा तपशील द्यावा, मात्र देहाची विटंबना चघळू नये, असा हा विवेक आहे. आमच्या कथाकारांचे नेमके उलट होते. प्रवास गाळून ते पेटीतील मुद्रेवर पानभर खर्च करतात.

आता आपल्या आदिपर्वाकडे वळू. शतशृंग पर्वतावर पांडूचा अंत होतो. माद्री त्याच्या चितेवर चढल्याचे कवी सांगतो. आणि लगेच पुढील अध्यायात ऋषिगण कुंतीला, पाच बालकांना आणि पांडू व माद्री या दोघांच्या शरीरांना घेऊन हस्तिनापुराच्या वेशीशी येऊन उभे राहतात. पांडू जाऊन सतरा दिवस झाल्याचे ते सांगतात. जे देह अग्नीत गेले ते पुन्हा आले कोठून? 'शरीर' म्हणजे येथे अस्थी समजाव्यात, असा परिहार करता येईल. परंतु पुढे तर त्या देहाला न्हाऊ घालून चंदन लावतात, शुभ्र वस्त्रे नेसवतात, आणि तो जिवंत असल्यासारखा भासतो. आम्हांस वाटते, पाठभेदांच्या चर्चेने ही विसंगती सुटो वा न सुटो, तिच्यामागची गरज स्पष्ट आहे. वनात चिता पेटली तरी नगराला ते मरण पटलेले नाही. छत्रचामरांसह पालखी गंगातीरी जावी, मातेने देह पाहून मूर्च्छित पडावे, नागरिकांनी पांडवांसह बारा दिवस भूमिशयन करावे, तेव्हाच पांडू हस्तिनापुरासाठी मरतो. शिवाय त्या देहांबरोबर पाच पोरकी मुले आली आहेत. ही पांडूचीच होत, अशी साक्ष ऋषी भर सभेत देतात आणि मगच दिसेनासे होतात. शव घरी आले म्हणून मुलांनाही घर मिळाले.

यावर एक आक्षेप येईल, तो असा की महाकाव्यातील रथ आणि पालख्या निराळ्या. आजचा प्रवास म्हणजे नुसती कागदपत्रे, त्यांतून वाङ्मय कसे निपजावे? तो प्रवास काय असतो हे आधी पाहू. तेथील अधिकाऱ्यांकडून मृत्यूचा दाखला, भारतीय वकिलातीचे ना-हरकत पत्र, रद्द केलेले पारपत्र, देह टिकाऊ केल्याचे प्रमाणपत्र, कोठे कोठे वारसाचे मुखत्यारपत्र. एवढे जमल्यावर पेटी विमानाच्या मालविभागात वजन करून चढते आणि इकडेही मालविभागातूनच सही घेऊन हाती दिली जाते. गरजूंच्या खर्चासाठी २००९ पासून सरकारचा प्रवासी भारतीयांसाठीचा कल्याणनिधी आहे, पण त्यासाठीही कोणीतरी अर्ज लिहावा लागतो. तो अर्ज लिहिणारा कोण? 'मृताशी नाते' या रकान्यात जो 'भाऊ' हा शब्द लिहितो, त्याचा भावाशी सात वर्षे अबोला असेल तर? ज्या खोलीत आठजण राहत होते, त्यांपैकी कोणी वर्गणी काढली आणि कोणी मृताची पेटी आवरली? खंडणीची वस्त्रे मोजणाऱ्या कवीने हे प्रश्न खचित सोडले नसते.

गद्यालाही हे साधते. फॉकनरच्या १९३० सालच्या 'ॲज आय ले डाइंग' या कादंबरीत एक दरिद्री कुटुंब आईची शवपेटी गाडीवर घालून तिच्या माहेरच्या गावी नेते. प्रवास परदेशचा नाही. पण पूर, आग, कुजता देह आणि प्रत्येकाचा छुपा स्वार्थ यांतून ते घर आतून उघडे पडते. तेथे राजा नाही की देव नाही. तपशील मात्र आहे.

आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांना तर या विषयात आणखी एक गाठ आहे. बडोदे, इंदूर वा ग्वाल्हेर येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरातील मुलगा आखातात वारला, तर त्याला 'घरी' आणणे म्हणजे कोठे? कुलदैवताच्या कोकणातील गावी, की ज्या नदीकाठी त्याच्या आजोबांना अग्नी दिला तेथे? पांडूचा उत्तरायुष्याचा संसार शतशृंगावर झाला, तरी त्याला गंगेच्या काठी आणले. आमच्या घरांत या प्रश्नावर वाद होतात, भाऊ भावांशी भांडतात. आमच्या कथेत मात्र तो प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही.

शिक्षकबंधूंना आमची सूचना एवढीच आहे. कथालेखनाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांपुढे आदिपर्वातील हे दोन अध्याय आणि 'इलियड'चा तो सर्ग शेजारी ठेवून वाचावेत, आणि मग त्यांना ते मधले दहा दिवस लिहावयास सांगावे. आई मटकन खाली बसली हे सर्वांनाच लिहिता येते. ती उठून मुलाचा फोटो आणि ओळखपत्र शोधू लागली, हे ज्याला सुचेल त्याच्या कथेला आम्ही पुढील स्पर्धेत आनंदाने पहिले पारितोषिक देऊ.