गादीवाफ्यावरचा दरवळ

कोथिंबीर पेरली, वाढली, उपटली, संपली. पानओवा, हळद, गवती चहा यांचं तसं नाही. रोज खुडा, झाड जागच्या जागी. म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेला दीड वीत उंचीचा गादीवाफा मला फार देखणा वाटतो.

त्याचं सगळं मर्म उंचीत आहे. कोकणातल्या पावसात सपाट जमिनीत पाणी तुंबलं की हळदीचे गड्डे कुजतात, पानओव्याची खोडं बुडाशी काळी पडतात. उचललेल्या, शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मातीतून पाणी निथळतं आणि मुळांशी हवा खेळते. देशावरच्या काळ्या चिकण मातीत तर ही उंची आणखीच मोलाची.

पानओव्याचं एक पान बोटांत धरून पाहा. जाड, रसरशीत, कडेला बोथट दाते, वर मखमली लव. नुसतं हुंगलं तर वास बेताचाच. चुरडलं की ओवा उसळून येतो. खरं तर हा तुळशीच्या कुळातला आणि मसाल्याचा ओवा कोथिंबिरीच्या; पण थायमॉल दोघांतही असतं. याची भजी करताना बेसन पातळच हवं. जाड पिठात पानाचा तिखट, कापरासारखा गंध गुदमरतो.

हळदीकडे मात्र मी गड्ड्यापेक्षा पानासाठीच पाहतो. पातोळ्यांना हेच पान लागतं. त्यावर तांदळाचं पीठ थापून, गूळखोबरं भरून, दुमडून उकडलं की वाफेबरोबर पानाचा गंध पिठात उतरतो आणि सोललेल्या पातोळीवर शिरांच्या बारीक समांतर रेघा उमटलेल्या दिसतात. त्या रेघांवाचून पातोळी मला अपुरी वाटते. हिवाळ्यात पानं पिवळी पडून वाळतात. तेव्हा सगळे गड्डे खणून काढू नयेत. मागे राहिलेले पावसाच्या तोंडावर आपणच फुटतात.

पुदिना या वाफ्यात नकोच. त्याचे धावते फुटवे सगळ्यांच्या मुळांत शिरतात. त्याला वेगळी कुंडी द्यावी.

गवती चहाची जागा उत्तरेच्या टोकाला, म्हणजे त्याच्या पुरुषभर उंच पातीची सावली इतरांवर पडत नाही. त्याला ऊन भरपूर हवं. सावलीतली पात हिरवीगार दिसते, पण चहात फिकी पडते. लिंबाच्या सालीतलं सिट्रलच याच्या तेलात भरलेलं असतं आणि ते उडून जाणारं. म्हणून पात चहात शेवटी घालावी, वर झाकण ठेवावं. तासभर उकळून काही हाती लागत नाही. कापताना बुडाशी चार बोटं ठेवून कापावं. काही वर्षांनी ठोंब मधून वाळू लागतो. तेव्हा पावसाच्या सुरुवातीला तो उकरून बाहेरचे जोमदार फुटवे सुटे करावेत आणि पाती अर्ध्यावर छाटून लावावेत. मुळं धरेपर्यंत पानांतून पाणी कमी उडतं.