सव्वा गुंठ्याचें मैदान

नाटकाचें परीक्षण लिहावें, चित्रपटाचें लिहावें, गायनाच्या बैठकीचेंहि लिहावें. परंतु खेळाच्या सामन्याचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत करावयाचें म्हटलें तर कित्येक वाचकांच्या भुंवया वर चढतील. सामन्याचा निकाल दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत छापून येतो, तेवढें त्यास पुरें, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची समजूत आहे. आम्हांस ती बरोबर वाटत नाहीं. ज्या प्रसंगांत पात्रें आहेत, संघर्ष आहे, अंतापर्यंत टिकणारी उत्कंठा आहे आणि न्याय करणारा प्रेक्षक आहे, तो प्रसंग टीकेस खास पात्र आहे. या भावनेनेंच खालापूर तालुक्यांतील एका लहानशा गांवीं जत्रेनिमित्त भरलेले कबड्डीचे चषक-सामने पाहण्यास आम्ही गेलों होतों. त्यांचा गुणदोषविचार येथें करावयाचा आहे.

कर्जतेस गाडी बदलून खोपोलीच्या फांट्यास लागलें म्हणजे पळसधरी, केळवली, डोळवली, लौजी अशीं लहान लहान स्थानकें येतात. त्यांपैकीं एका ठिकाणीं उतरून आम्ही अर्धा-पाऊण तास पायीं चाललों, तेव्हां दिवेलागण झाली होती. मैदान म्हणून जें होतें तें मुळांत भाताचें खाचर. कापणी-मळणी उरकली कीं गांवचीं पोरें तेथील ढेंकळें फोडतात, पाणी शिंपडून व रूळ फिरवून माती बसवतात, पांढऱ्या फक्कीनें रेषा आंखतात. आणि मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं ती जमीन पुन्हां नांगराच्या स्वाधीन होते. भोंवतालचे बांध हेच प्रेक्षकांचे ओटे. एका बांधावर गांवचीं म्हातारीं माणसें, दुसऱ्यावर माहेरीं आलेल्या लेकी, पाहुण्या संघाबरोबर आलेली मंडळी समोर आणि लहान मुलें थेट रेषेला लागून. वडापावाची कढई व उकडलेल्या शेंगांची टोपली मागें अंधारांत.

पुरुषांच्या कबड्डीचें क्रीडांगण 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतें. म्हणजे 130 चौरस मीटर. गुंठा म्हणजे सुमारें 101 चौरस मीटर. सव्वा गुंठ्याहून किंचित् अधिक जागेंत, चौदा माणसांचा हा खेळ वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत पुरा होतो. चेंडू नको, बॅट नको, जाळें नको. लागतो तो दम, आणि सात जणांनीं एकमेकांचे हात धरून एका विचारानें हलण्याची शिस्त. आमच्या आजोबांच्या पिढीनें यालाच हुतुतू म्हटलें. याच मातींतल्या खेळाचें प्रात्यक्षिक 1936 सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं परदेशीयांना दाखविलें. 1990 सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्यास स्थान मिळालें. आणि 2014 पासून तो रंगीत दिव्यांखालीं, मॅटवर, घरोघरच्या दूरदर्शन-पडद्यावर दिसूं लागला.

त्या पडद्यावरील सामन्याशीं खाचरांतल्या सामन्याची तुलना करण्याचा मोह आम्हांस झाला, आणि तो आवरण्याचें कांहीं कारण नाहीं. कौशल्याचा विचार केल्यास पडद्यावरील खेळ निःसंशय वरचढ आहे. तेथील चढाईपटूची चपळाई, कोपऱ्यांतील रक्षकांची पकड, डावपेंचांची आखणी यांच्यापुढें हीं खेड्यांतलीं पोरें नवशिकींच म्हटलीं पाहिजेत. यांतला कोणी खोपोलीच्या कारखान्यांत पाळीवर जातो, कोणी रिक्षा चालवितो, कोणी कॉलेजसाठीं रोज सकाळची लोकल गांठतो. सरावाला उरते ती संध्याकाळ. दोघांची साखळी वेळेवर जुळली नाहीं, बोनस रेषेकडे पाहतां पाहतां पाय घसरला, असे प्रमाद आम्हीं पुष्कळ पाहिले. तरीहि त्या रात्रीं जो एक प्रसंग घडला, त्याच्या तोडीचा प्रसंग आम्हांस पडद्यावर अद्याप दिसलेला नाहीं.

उपांत्य सामन्यांत यजमान गांव एका गुणानें पुढें होतें आणि घड्याळांत दीड मिनिट उरलें होतें. पाहुण्यांचा चढाईपटू आंत आला, डाव्या कोपऱ्याकडे झेपावला आणि रिकाम्या हातानें मध्यरेषेपार परतला. पंचांनीं मान हलविली: गुण नाहीं. बांधावर एकच आरोळी उठली. इतक्यांत डाव्या कोपऱ्यावरचा तो मुलगा, वय वर्षें फार तर एकोणीस, स्वतःच हात वर करून मैदानाबाहेर चालूं लागला. चढाईपटूच्या पायाचें बोट त्याच्या गुडघ्यास लागलें होतें. पंचांस तें दिसलें नव्हतें, चढाईपटूस कळलें नव्हतें. ज्याला कळलें त्यानेंच तें सांगितलें. गुणसंख्या सारखी झाली. पुढच्याच चढाईंत यजमानांचा गडी पकडला गेला आणि गांव एका गुणानें हरलें. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग बांधावरून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "बरोबर केलंस रे, पोरा." बस्स, एवढेंच.

प्रत्येक सामन्यांत असें घडतें असें आमचें म्हणणें नाहीं. पंचांशीं हुज्जत घालणारे, हरल्यावर मैदान सोडून जाणारे संघहि याच तालुक्यांत आहेत. त्याच रात्रीं आम्हीं एक बाचाबाची पाहिली. परंतु या प्रामाणिकपणाचें मूळ कोठें असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. पडद्यावरील खेळांत संशयाचा निकाल कॅमेरा देतो. तेथें खेळाडूनें कबुली देण्याची गरजच उरलेली नाहीं. येथें त्या मुलाची आत्या बांधावर बसलेली, समोरच्या संघांत त्याच्या मामाचा मुलगा, आणि ज्याच्या खाचरांत खेळ चालला तो शेतकरी गुणलेखकाच्या शेजारीं. उद्यां सकाळीं या सर्वांच्या तोंडासमोरून त्याला जावयाचें असतें. 'एक गांव, एक संघ' हा जो नियम अशा स्पर्धांतून पाळला जातो, त्याचें मोल आम्हांस त्या रात्रीं उमगलें. भाड्यानें आणलेला गडी कदाचित् सामना जिंकून देता. पण त्या मुलाच्या जागीं तो बाहेर गेला असता कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष सत्कारांचा. ऐन मध्यंतर पांच मिनिटांचें. परंतु शाल-श्रीफळ आणि भाषणें यांनीं तें अर्ध्या तासावर नेलें, आणि घामेजलेलीं पोरें त्या थंडींत तशींच ताटकळलीं. दुसरा दोष अधिक गंभीर. चषकाची उंची कमरेपर्यंत पोंचली आहे, वेशीवरच्या फलकांवर पुढाऱ्यांचे चेहरे मावत नाहींत. आणि ज्या जमिनीवर हा सारा डोलारा उभा, ती मात्र कोणाच्याच हिशेबांत नाहीं. 2002 सालीं मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग पुरा झाल्यापासून या भागांतील जमिनीकडे पाहण्याची नजर पालटली. खाचरें गुंठ्यांनीं मोजलीं जाऊं लागलीं. बांधाच्या जागीं कुंपणें आलीं, कुंपणांत बंगले आले. ज्या खाचरांत आम्हीं सामना पाहिला, त्याच्या दोन्ही अंगांस सिमेंटचे खांब रोंवलेले होते. यजमानांपैकीं एकानें सांगितलें, "गेल्या साली आम्ही पलीकडच्या शेतात खेळलो. यंदा ते विकलं." पुढच्या वर्षाचें आम्हीं विचारलें नाहीं.

मुंबईची रोव्हर्स चषकाची कहाणी येथें आठवते. 1891 सालीं गोऱ्या पलटणींच्या फुटबॉलसाठीं सुरू झालेला तो चषक पुढें देशी संघांनीं जिंकला, कूपरेज मैदानावर त्यास गर्दी लोटली. आणि 2001 नंतर तो खेळलाच गेला नाहीं. कूपरेज अजून आहे, चषक नाहीं. खालापुरांत नेमकें याच्या उलट आहे. चषक आहे, खेळणारे आहेत, थंडींत मध्यरात्रीपर्यंत बसणारे जाणते प्रेक्षक आहेत. जमीन तेवढी पायाखालून चालली आहे. मुंबईस गेलेला चषक कोणी परत आणील कीं नाहीं, सांगवत नाहीं. पण गांवच्या सामाईक जमिनींतून पांच गुंठे खेळासाठीं कायम राखून ठेवणें, हें ग्रामसभेच्या आवांक्याबाहेरचें काम नव्हे. खेळाला स्वतःला लागते सव्वा गुंठा. उरलेली जागा त्या म्हाताऱ्याला बसण्यासाठीं हवी.

कारण तोच या खेळाचा खरा टीकाकार आहे. आम्हीं हीं चार पृष्ठें खर्चून जें म्हणावयाचा यत्न केला, तें त्यानें तीन-चार शब्दांत म्हटलें; आणि ज्याच्यासाठीं म्हटलें, त्याला तें तत्काळ ऐकूं गेलें.