पोवाड्यांच्या संग्रहांतून गळलेली एक ओळ

बंड, सत्याग्रह किंवा चळवळ झाली कीं तिच्या पाठोपाठ गाणीं निघतात, हें आतां सिद्ध करावयास नको. प्रश्न एवढाच कीं, तीं गाणीं कागदाच्या रूपानें हातीं आल्यावर त्यांचें आपण काय करावें. या प्रश्नाचें जें उत्तर आपल्याकडील संग्राहकांनीं आजवर कृतीनें दिलें आहे तें आम्हांस अपुरें वाटतें. आणि या अपुरेपणापायीं कांहीं साधनें कायमचीं नष्ट होत असल्यामुळें तें स्पष्ट बोलून दाखविणें अवश्य आहे.

एच्. ए. अॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' छापले, आणि य. न. केळकर यांच्या 'ऐतिहासिक पोवाड्यां'चा पहिला खंड १९२८ सालीं निघाला. हे उद्योग झाले नसते तर गोंधळ्यांच्या व शाहिरांच्या तोंडचें पुष्कळ वाङ्मय त्यांच्याबरोबरच गेलें असतें. हें ऋण मान्य करूनच आम्ही पुढें जातों. या संग्रहांच्या आधारें अभ्यासकांत जी कसोटी रूढ झाली ती पत्राची कसोटी आहे. पोवाड्यांतील तिथि, सरदारांचीं नांवें व फौजेचा आंकडा हीं अस्सल पत्रांशीं ताडून पाहावयाचीं. जुळलीं तर पोवाडा विश्वसनीय, न जुळलीं तर ती शाहिराची अतिशयोक्ति. या रीतीनें पोवाडा नेहमींच दुय्यम साक्षीदार ठरतो. पण खर्ड्याच्या लढाईंत (१७९५) कोणाची फौज किती होती हें सांगावयास दफ्तर समर्थ आहे. त्या लढाईचें वर्तमान गातांना कोणत्या शब्दाला मंडळी डोलली, हें दफ्तर सांगणार नाहीं. तें सांगूं शकेल असा कागद पोवाड्याचाच. त्याला मात्र आपण भलताच प्रश्न विचारतों.

काव्यप्रकाशाच्या तिसऱ्या उल्लासांत मम्मटानें अर्थ हा वाच्यापलीकडे कशाच्या बळावर जातो याची गणना केली आहे. बोलणारा कोण, ज्याला उद्देशून बोलावयाचें तो कोण, आवाजाचा हेल म्हणजे काकु कशी, जवळ तिसरें कोण उभें आहे, प्रसंग कोणता, देश व काल कोणते, अशा स्वरूपाची ती यादी आहे. शाहिरी कागदांची सूचि करणाराला ती जशीच्या तशी उपयोगीं पडेल. आपल्या सूचींत रकाने असतात ते कर्त्याचे, पानांच्या संख्येचे, लांबीरुंदीचे आणि 'पूर्ण' कीं 'अपूर्ण' याचे. काकु कागदावर उतरत नाहीं हें खरें. परंतु तिच्या अगदीं शेजारची एक खूण उतरते, ती म्हणजे पदाच्या डोक्यावरची 'चाल' ही ओळ. तीच आपल्या संग्रहांतून सर्वांत आधीं गळते.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून (१८८०) संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदांवर ही ओळ छापण्याचा परिपाठ पडला. त्या चाली साकी-दिंडीच्या, लावणीच्या, कानडी व हिंदुस्थानी पदांच्या. १८९३ सालीं गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आलें आणि पुढल्या वर्षापासून मेळे गाजूं लागले, तेव्हां मेळ्यांच्या पदकर्त्यांनीं नाटकांच्या चाली सर्रास उचलल्या. कारण उघड आहे. चळवळीला घाई असते. शब्द एका रात्रींत होतात. नवी चाल झाली तरी जमावाच्या गळ्यांत ती एका रात्रींत बसत नाहीं. म्हणून अशा गाण्याला दोन जन्मतिथि असतात, शब्दांची एक व चालीची दुसरी, आणि दोहोंत कधीं कधीं शंभर वर्षांचें अंतर पडतें. आपण पहिली टिपतों व दुसरी टाकतों. घाट तर कित्येकदां शब्दांच्या उलट साक्ष देतो. १८९४ च्या मेळ्यांतील कांहीं पदांचा रोख हिंदूंनीं ताबुतांपासून दूर राहावें असा होता. पण नटूनथटून, ताल धरून, गात रस्त्यानें फिरणारी टोळी हा मेळ्याचा सांचा मोहरमच्या टोळ्यांशीं मिळता होता. पद सांगत होतें कीं तिकडे जाऊं नका, आणि गाणाराचे पाय तिकडच्याच तालावर पडत होते. केवळ शब्द छापणाऱ्या संग्रहांत ही गोष्ट कधींच दिसावयाची नाहीं.

आमच्यापाशीं मेळ्याच्या पदांची एक सोळा पानी चोपडी आहे. कागद असा कीं पान उलटतांना भीति वाटावी. तिच्या समासांत कोणीतरी शिसपेन्सिलीनें 'येथें झांज', 'येथें दोनदां', 'सगळ्यांनीं' असें लिहून ठेवलें आहे. छापील मजकुरांत कोठेंहि न सांपडणारी माहिती या तीन टिपांत आहे. ही चोपडी ज्यांच्याकडून आम्हांस मिळाली त्यांनीं मोठ्या सद्भावानें समास खोडरबरानें स्वच्छ करून देण्याची तयारी दाखविली होती!

ऐकणारा कोण यावर अर्थ किती अवलंबून असतो याचें सर्वांत कडक उदाहरण साहित्यिकांनीं नव्हे, न्यायासनानें घालून दिलें आहे. बाबाराव (गणेश दामोदर) सावरकर यांनीं नाशिकास 'लघु अभिनव भारतमाला' या नांवाखालीं कवि गोविंद यांचीं पदें प्रसिद्ध केलीं. त्यांबद्दल १९०९ सालीं त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली व त्याच वर्षीं मुंबईच्या हायकोर्टानें ती कायम केली. पदांचे उघड विषय देव आणि शिवाजीमहाराज. न्यायमूर्ति नारायण गणेश चंदावरकर यांच्या निकालाचा आशय असा कीं, हीं नांवें निमित्तमात्र असून उपदेश चालू सरकाराविरुद्ध युद्धाचा आहे. साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर न्यायासनानें अप्रस्तुतप्रशंसा ओळखली. वाच्यार्थ बाजूस सारून व्यंग्यार्थावर बोट ठेवलें. टीका या नात्यानें हें वाचन बरोबर आहे, असेंच आम्हांस म्हणावें लागतें. शाळेंत अन्योक्ति शिकवितांना, सुभाषितांतील मत्त हत्ती म्हणजे हेडमास्तर हें मुलें आमच्या आधीं ओळखीत, आणि ओळखल्याबद्दल हंसत. पण ध्वनि ओळखणें निराळें आणि त्याच्या आधारावर मनुष्यास अंदमानांत धाडणें निराळें. आनंदवर्धनाला आपल्या सिद्धान्ताचा हा विनियोग स्वप्नांतहि सुचला नसता. येथें आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गोविंद कवि राष्ट्रीय पदांकडे वळण्यापूर्वीं लावण्या रचीत असत. शृंगारावर तयार झालेला हात रणाकडे वळला, म्हणजे त्या पदांची लय श्रोत्याच्या कानांत आधींच घर करून बसलेली होती. दंगलीचें बळ विचारांत असेल. पाठांतराचें बळ मात्र लावणीचें होतें.

याच दृष्टीनें मागें जाऊन १८६९ कडे पाहावें. त्या सालीं जोतीराव फुले यांचा 'छत्रपति शिवाजीराजे भोसले यांचा पवाडा' निघाला. त्यांतील इतिहासाविषयीं मतभेद होते व आहेत. त्यांत आम्ही शिरत नाहीं. पोवाडा हा तोंवर बहुधा धन्याच्या पराक्रमाचा, बिदागीच्या आशेनें गाइलेला प्रकार. फुल्यांनीं प्रकार तसाच ठेवून त्याचा धनी बदलला. महाराजांना कुळवाड्याच्या घरचें केलें. शिवाजी कोणाचा, या वादांतील त्यांची बाजू शब्दांपूर्वीं घाटानेंच मांडली गेली. विद्याखात्यांतील ब्राह्मण पंतोजींवरहि त्यांचा एक पवाडा आहे. आमचा जन्म पंतोजीपणांत गेल्यामुळें त्याविषयीं फार बोलणें बरें नव्हे. तो झोंबतो एवढें सांगतों. आणि झोंबण्याचें अर्धें कारण हें कीं, वीरांसाठीं राखलेल्या घाटांत एका सरकारी खात्याचा कारभार बसविला आहे. पुढें अखंड रचतांना त्यांनीं अभंगाचा सांचा घेतला तोहि असाच हेतुपूर्वक.

सत्यशोधक जलसे आणि त्यांच्या मागून आलेले आंबेडकरी जलसे यांनीं तमाशाचा सांगाडा घेतला. भीमराव कर्डक यांनीं 'आंबेडकरी जलसे' या १९७८ सालच्या पुस्तकांत स्वतः केलेल्या कार्याची हकीगत लिहून ठेवली, हें आपलें भाग्य. महाड (१९२७) व काळाराम (१९३०) यांच्या सभांचीं भाषणें ज्यांच्यापर्यंत पोंचलीं नाहींत त्यांच्यापर्यंत गण व बतावणी पोंचली. गणाची जागा राहिली, तींतील देवता पालटली. हें पालटणें कळावयास जुना गण माहीत असावा लागतो. तो माहीत नसलेल्या संपादकाला येथें केवळ एक स्तुतिपर पद दिसतें.

सर्वांत बोलकें उदाहरण अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीचें. अमर शेख व गवाणकर यांच्यासह १९४४ सालीं लालबावटा कलापथक उभारणाऱ्या अण्णा भाऊंनीं ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत गाजविली. घाट विरहाच्या लावणीचा. पोटासाठीं मुंबईस आलेला मनुष्य गांवीं राहिलेल्या मैनेची आठवण काढतो. पुढें तीच ताटातूट मराठी मुलुखाची होते. १ मे १९६० रोजीं राज्य झालें, पण बेळगांवचा प्रश्न उरला, म्हणून गाणें जुनें झालें नाहीं असें सांगतात. आमच्या मतें कारण तेवढेंच नाहीं. ज्या गाण्यांनीं चालीचा उपयोग केवळ वाहन म्हणून केला तीं मागणीबरोबर आलीं आणि मागणीबरोबर गेलीं. या छक्कडींत विरहाचा घाट हाच युक्तिवाद आहे. तो काढला तर मागे एक ठराव उरतो.

योग्य रीत कोणती हें दाखविणारा एक उद्योग महाराष्ट्रांत झालेला आहे. हेमा राईरकर व गी पॉयतवां यांनीं सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याहि ओव्या आहेत. ओवीबरोबर गाणारणीचें नांव व गांव नोंदलें गेलें, आणि पुढें पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रितहि झाल्या. मम्मटाच्या यादींतील बहुतेक रकाने येथें भरलेले आढळतात.

संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, चळवळींच्या चोपड्या चार पानांच्या असल्या तरी पोथीच्या मानानें जपाव्या. 'चाल' ही ओळ सूचींत स्वतंत्र रकान्यांत उतरावी. मलपृष्ठ फाडूं नये. छापखाना, किंमत व कोठें मिळेल तें तेथेंच असतें. समासांतील टिपा पुसूं नयेत. आणि १९५५ ते १९६० च्या सभांत विशीच्या वयांत ज्यांनीं डफावर थाप मारली ते आतां ऐंशींच्या पुढें आहेत. त्यांच्याकडे चोपडी घेऊन जावें, आणि पहिलें कडवें म्हणून दाखवावयास सांगावें.