कुणाचा हेतू, कुणाची सही? ‘एसओपी’ नावाच्या लेखनप्रकाराविषयी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मराठी मुलामुलींनी स्वतःविषयी लिहिलेला सगळ्यांत मोठा मजकूर कोणता, असं विचारलं तर उत्तर कविता, डायरी किंवा प्रेमपत्र असं येणार नाही. ते बहुधा ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ असं येईल. परदेशी विद्यापीठात प्रवेश मागताना जोडायचं हे हजारेक शब्दांचं निवेदन बोलताना ‘एसओपी’ होऊन जातं. मी कोण, काय शिकलो, पुढे काय शिकायचंय आणि ते तुमच्याकडेच का, एवढं त्यात सांगायचं असतं. दर वर्षी पुण्या-मुंबईतूनच नव्हे, तर लातूर, सांगली, अमरावतीतूनही असे मजकूर ढिगांनी लिहिले जातात. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणारे भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारताचा क्रमांक पहिला होता. त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या हेतूचं असं निवेदन कधी ना कधी लिहिलेलं असणार. इतक्या लोकांनी हाताळलेल्या लेखनप्रकाराची समीक्षा मात्र आपल्याकडे जवळपास झालेलीच नाही. त्याविषयी असतात त्या फक्त टिप्स.

टिप्स बाजूला ठेवून हा प्रकार मजकूर म्हणून वाचून पाहू.

त्याची बांधणी आता इतकी ठरून गेली आहे की चार-पाच नमुने वाचले की सहावा न वाचता सांगता येतो. सुरुवातीला बालपणीचा प्रसंग येतो. लहानपणी रेडिओ खोलून पाहिला, नाहीतर आजोबांच्या आजारपणात डॉक्टरांच्या हातातलं यंत्र पाहिलं, आणि तिथेच कुतूहल जागं झालं. मग कॉलेजातले गुण, प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप यांचा चढता क्रम येतो. तिसऱ्या भागात विद्यापीठाची स्तुती आणि दोन प्राध्यापकांची नावं असतात. ती नावं विद्यापीठागणिक बदलतात, बाकीचा परिच्छेद तसाच राहतो. शेवटी मायदेशाची सेवा. वळणं ठरलेली, पात्रं ठरलेली, शेवट ठरलेला. कीर्तनाच्या आख्यानालाही ठरलेला साचा असतो, पण तिथे कीर्तनकार स्वतःचं काहीतरी घालतो. इथे स्वतःचं घालणं धोक्याचं मानलं जातं.

काय सांगितलंय यापेक्षा काय गाळलंय ते पाहिलं, तर हा प्रकार नीट कळतो. एसओपीत कर्ज नसतं. वडिलांनी फ्लॅट किंवा जमीन तारण ठेवली आहे, हे नसतं. वर्गातले निम्मे मित्र निघाले म्हणून मीही निघालो, इथे कॅम्पस प्लेसमेंटमध्ये काही मिळालं नाही, घरी लग्नाचा विषय निघायच्या आत मला दोन वर्षं हवी आहेत, यांतलं काहीच नसतं. अमेरिकेत पदवीनंतर बारा महिने काम करायची मुभा मिळते. विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत बसत असेल तर आणखी चोवीस. यादीतल्या आणि यादीबाहेरच्या अभ्यासक्रमांत निवड करताना हा दोन वर्षांचा फरक घराघरात कागद-पेन घेऊन मोजला जातो, कारण कर्जाचे हप्ते त्यावर अवलंबून असतात. निवडीमागचं सगळ्यांत ठोस कारण अनेकदा हेच असतं. एसओपीत त्याच्या जागी ‘विदाविज्ञानाची लहानपणापासूनची ओढ’ येते.

मुलं खोटारडी असतात म्हणून हे घडतं, असं म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. गाळण्याची ही सक्ती बाहेरून येते, दोन वाटांनी.

पहिली वाट कायद्याची. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं २१४(ब) हे कलम व्हिसा मागणाऱ्याकडे तो कायमचा राहायला येतोय असं धरूनच पाहतं. तसं नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचं असतं. विद्यार्थी व्हिसासाठी मायदेशातलं घर सोडून देण्याचा इरादा नसावा लागतो. त्याच वेळी विद्यापीठांची माहितीपत्रकं पदवीनंतरच्या नोकरीच्या संधी ठळक अक्षरांत छापत असतात. म्हणजे एकाच मुलीला एका टेबलावर महत्त्वाकांक्षा दाखवायची असते आणि दुसऱ्या टेबलावर परतीची ओढ. ऑस्ट्रेलियाने हा विरोधाभास थोडासा मान्य केला. ‘खरोखर तात्पुरता येणारा’ असल्याचं सिद्ध करायची जुनी अट काढून मार्च २०२४ पासून तिथे ‘खरोखरचा विद्यार्थी’ आहे का, हे तपासलं जातं. लांबलचक निबंधाऐवजी प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तराला दीडशे शब्दांची मर्यादा. शिक्षणानंतर कुणाला तिथे राहावंसं वाटू शकतं, हे आता गृहीत धरलेलं आहे. खरं बोलायला तेवढी जागा झाली.

दुसरी वाट बाजाराची आहे आणि मजकुरावर तिचा ठसा जास्त खोल आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर किंवा जंगली महाराज रस्त्यावर वर मान करून चाललं तर ‘स्टडी अब्रॉड’च्या पाट्या मोजता मोजता दमायला होतं. अनेक ठिकाणी ‘मोफत मार्गदर्शन’ असं लिहिलेलं असतं. मोफत ते विद्यार्थ्यासाठी असतं. विद्यार्थी दाखल झाला की विद्यापीठ त्या कन्सल्टन्सीला कमिशन देतं, आणि ते सहसा पहिल्या वर्षाच्या फीवर ठरतं. मोठा एजंट, त्याच्या खाली गावोगावचे सब-एजंट, आणि आता शेकडो विद्यापीठं एका पडद्यावर मांडणारे ऑनलाइन मंच, अशी ही उतरंड आहे. ज्या विद्यापीठांच्या दाराशी आधीच रांग आहे, त्यांना कमिशन द्यायची गरज पडत नाही. त्यामुळे मोफत सल्ल्यात त्यांची नावं मागे पडतात, किंवा त्यांच्यासाठी वेगळी फी सांगितली जाते.

या व्यवस्थेकडे पाहण्याची अमेरिकेची दुटप्पी रीत लक्षात घेण्याजोगी आहे. सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या संस्थांनी भरतीसाठी माणशी कमिशन देऊ नये, असा कायदा तिथे १९९२ मध्ये झाला, कारण मुलांना नको त्या कॉलेजात ढकललं जात होतं. पण त्याच कायद्यात एक अपवाद आहे. अमेरिकी सरकारी मदतीला पात्र नसलेले, परदेशात राहणारे परदेशी विद्यार्थी त्या संरक्षणाच्या बाहेर ठेवले आहेत. प्रवेश-सल्लागारांच्या तिथल्या राष्ट्रीय संघटनेने बराच वाद घालून २०१३ मध्ये परदेशी भरतीत कमिशनला अटींसह मोकळीक दिली. ब्रिटनमधलं कारण आणखी सरळ आहे. इंग्लंडमधल्या स्थानिक पदवी-विद्यार्थ्यांच्या फीवर सरकारी कमाल मर्यादा आहे, परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर नाही. ताळेबंद जुळवायला बाहेरची मुलं लागतात आणि ती आणायला माणसं लागतात.

याचा एसओपीच्या भाषेशी संबंध काय? मराठीत आपण या व्यवसायाला ‘मार्गदर्शन’ म्हणतो. विद्यापीठांच्या दफ्तरात त्याच कामाला ‘भरती’ म्हणतात. मार्गदर्शनात वाट चालणाऱ्याच्या पायांनी ठरते, भरतीत कोटा भरायचा असतो. भरतीला लागतो तो अडणार नाही असा मजकूर. चांगला मजकूर आणि न अडणारा मजकूर यांत फरक आहे. चांगल्या मजकुरात एखादा खडा असतो, एक नापास झालेलं सेमिस्टर, मध्येच बदललेला विषय, एक न सुटलेला प्रश्न. काउन्सेलर तो खडा काढून टाकतो, कारण त्याला एका इनटेकमध्ये शंभर फायली पुढे सरकवायच्या असतात. अशा शंभर फायलींतून शंभर वेळा एकच मुलगा बोलतो. आता हे काम यंत्र करतं अशी तक्रार ऐकू येते. यंत्राला ते इतकं सहज जमलं, कारण आपण तो मजकूर आधीच यांत्रिक करून ठेवला होता.

या धंद्यातल्या प्रामाणिक माणसांवर अन्याय होऊ नये. ज्या घरात इंग्रजीत पत्र आलं तर वाचायला शेजारी जावं लागतं, तिथल्या मुलीला ट्रान्सक्रिप्ट कुठून काढायचं, बँकेच्या कर्जमंजुरीचं पत्र कसं हवं, प्राध्यापकांकडे शिफारसपत्र कसं मागायचं, हे समजावणारा माणूस लागतोच. इंग्रजी माध्यम आणि अमेरिकेतला मामा असलेल्याला वाटाड्या घरातच मिळतो. बाकीच्यांना तो विकत घ्यावा लागतो. राजू केंद्रे यांनी उभी केलेली ‘एकलव्य’सारखी संस्था पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांबरोबर काम करते ते याच दरीमुळे. म्हणून ‘मदत घेऊ नका’ हा उपदेश सुखवस्तू घरातलाच शोभतो. विचारायला हवं ते हे की मदतनिसाचं मीठ कुणाच्या घरचं आहे.

कारण फसगत होते तेव्हा सही विद्यार्थ्याचीच असते. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत उघड झालं की मिशिगनमधलं ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ हे सरकारी तपासयंत्रणेनेच थाटलेलं बनावट विद्यापीठ होतं. तिथे वर्ग नव्हते, प्राध्यापक नव्हते. नाव नोंदवलेली सुमारे सहाशे मुलं बहुतांशी भारतीय होती. भरती करणाऱ्या आठ जणांवर खटले झाले. मुलांपैकी अनेकांना अटक झाली, पुष्कळांना देश सोडावा लागला. आपल्याला हे बनावट आहे हे माहीत होतं, असं सरकार म्हणत होतं; आम्ही फसलो, असं अनेक मुलं म्हणत होती. २०२३ मध्ये कॅनडात पंजाबच्या विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं बनावट निघाली. एजंटाने दिलेलं पत्र खरं समजून आलो, असं सांगणाऱ्यांवर हद्दपारीची टांगती तलवार आली. पुढे कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्र संस्थेकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. कायद्याच्या नजरेत अर्ज म्हणजे अर्जदाराचा शब्द. तो दुसऱ्याने लिहून दिला, ही सबब तिथे सहसा चालत नाही.

या पार्श्वभूमीवर एक जुना मराठी अर्ज पुन्हा वाचावासा वाटतो. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत पोचल्या आणि त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. एसओपी हा शब्द नसतानाची ती एसओपीच. त्यात बालपणीचा रेडिओ नाही. मित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी आले आहे, आमच्या बायकांना पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण परवडतं, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असं त्या लिहितात. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी पूर्ण करू शकत नाही, हेही त्या स्वतःच सांगतात आणि माझी परिस्थिती अपवादात्मक आहे म्हणून सवलत द्या, असं मागतात. आजच्या काउन्सेलरने हे वाक्य पहिल्या झटक्यात खोडलं असतं.

पण या पत्राची आरती ओवाळायचं कारण नाही. मध्यस्थ तेव्हाही होते. गोपाळरावांनी आधी मदत मागितली ती कोल्हापुरात अनेक वर्षं राहिलेल्या वाइल्डर या मिशनऱ्याकडे. त्यांनी धर्मांतराचा सल्ला दिला आणि पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. तो दंतवैद्याकडे थांबलेल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि वाट निघाली. आनंदीबाईंच्या पत्रातही गाळलेलं पुष्कळ आहे. प्रकृती चांगली आहे, असं त्या लिहितात. त्याआधी बंगालमध्ये त्या सतत आजारी होत्या, आणि पदवीनंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या गेल्या. गोपाळरावांनी केलेल्या मारहाणीबद्दल त्यांनी नंतर खुद्द त्यांनाच लिहिलं, कॉलेजला अर्थातच नाही. म्हणजे असा अर्ज नेहमी काही झाकतोच. फरक एवढाच की काय झाकायचं हे आनंदीबाईंनी स्वतः ठरवलं होतं, आणि मिशनऱ्याने घातलेली अट त्यांनी जाहीरपणे नाकारली होती. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांनी निघण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत सांगितलं.

मध्यस्थाची अट उघड असली की तिच्याशी भांडता येतं, हे पुढेही दिसतं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले ते दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याचा करार करून. करार जाचक होता, पण तो कागदावर होता. केंद्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर यांच्या मुलांसाठी आहे. आपल्याच समाजाचा अभ्यास करणं हा हेतू त्यांच्या अर्जातून सरकारने खोडला. तेही वाईटच, पण खोडणारा दिसत होता, म्हणून त्यावर टीका होऊ शकली. कमिशन दिसत नाही. मुलाला वाटतं, युनिव्हर्सिटी आपणच निवडली.

म्हणून या लेखनप्रकारात सुधारणा करायची तर ती शैलीपासून सुरू होणार नाही. ब्रिटनच्या पदवी-प्रवेशात २०२६ च्या तुकडीपासून चार हजार अक्षरांच्या सलग निवेदनाऐवजी तीन थेट प्रश्न आले आहेत. घरात मदतीला कुणी नाही अशा मुलांना त्याने थोडा आधार मिळेल. पण आपल्या बाजूने करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. कन्सल्टन्सीच्या खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा, की या यादीतली कोणती विद्यापीठं तुम्हाला पैसे देतात, आणि मला बसणारं पण पैसे न देणारं एखादं नाव सांगा. भरलेल्या अर्जाची प्रत आणि त्याच्या खात्याचा पासवर्ड आपल्याकडे असावा. आणि आपल्या कॉलेजांनी, जिथे दरखास्त आणि रजेचा अर्ज अजून व्यावहारिक लेखन म्हणून शिकवले जातात, तिथे हा अर्जही शिकवावा. मला हे का हवंय, हे आधी मराठीत, कर्जाच्या आकड्यासकट, कुणालाही न दाखवता लिहायला सांगावं. त्यातलं किती परक्यापुढे ठेवायचं ते मग मुलाने किंवा मुलीने ठरवावं. खाली सही त्यांची असणार आहे, तेव्हा खोडायचा हक्कही त्यांचाच.