शेअरच्या ऐतिहासिक किमती : एक साधनचिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य, अर्थशास्त्र व व्यवस्थापन या विद्याशाखांतील प्रकल्प, लघुशोधप्रबंध आणि प्रबंध यांत शेअरच्या ऐतिहासिक किमतींचा वापर आता सर्रास होतो. पूर्वी वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतून महिनोन्‌महिने उतरवून घ्यावी लागणारी माहिती आज काही क्षणांत संगणकावर उपलब्ध होते. ती तक्त्यात भरली, सरासरी, प्रमाण विचलन व सहसंबंध काढले, की निष्कर्ष हाती आल्याचे समाधान मिळते. तथापि हे आकडे कोणी मोजले, केव्हा मोजले आणि त्यांतून काय गळले, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत.

इतिहास विषयाच्या अभ्यासकाला हे प्रश्न नवे नाहीत. वि. का. राजवाडे यांनी समकालीन अस्सल कागद आणि मागाहून लिहिलेली बखर यांतील भेदावर दिलेला भर मराठी इतिहाससंशोधनाचा पाया ठरला. शेअरच्या किमतींची मालिका हेसुद्धा एक साधनच आहे. तिच्यातही अस्सल कागद आहेत आणि बखरीही आहेत. या दोहोंची गल्लत झाल्यास गणित अचूक असूनही निष्कर्ष चुकतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मूळ किंमत व समायोजित किंमत

एखाद्या दिवशी बाजारात प्रत्यक्ष सौदे ज्या भावाने झाले, ती मूळ किंमत होय. कंपनीने बक्षीस शेअर दिले किंवा शेअरचे विभाजन केले, तर शेअरची संख्या वाढते व त्या प्रमाणात भाव उतरतो. भागधारकाचे त्यात काहीही नुकसान होत नाही. हा कृत्रिम खंड बुजवण्यासाठी आधीच्या सर्व किमतींना त्या प्रमाणात भागले जाते. यातून मिळते ती समायोजित किंमत.

इन्फोसिस या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1981 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या कंपनीने 1993 मध्ये 95 रुपये दराने शेअरची सार्वजनिक विक्री केली. पुढे 1994, 1997 व 1999 मध्ये एकास एक बक्षीस शेअर, 2000 मध्ये एका शेअरचे दोन, 2004 मध्ये एकास तीन आणि 2006, 2014, 2015 व 2018 मध्ये पुन्हा एकास एक बक्षीस शेअर दिले गेले. परिणामी 1993 मधील 100 शेअरचे 1,02,400 शेअर झाले. आजच्या समायोजित हिशेबात त्या 95 रुपयांचे जेमतेम 9 पैसे होतात.

असमायोजित मालिका वापरणाऱ्या विद्यार्थ्याला 2004 मध्ये या शेअरचा भाव एकाएकी सुमारे 75 टक्क्यांनी कोसळलेला दिसेल. अशा एका चुकीच्या नोंदीचे मोल लहान नसते. समजा, 60 महिन्यांच्या मासिक परताव्यांचे प्रमाण विचलन 8 टक्के आहे. त्यांपैकी एका महिन्याच्या जागी उणे 75 टक्के हा खोटा परतावा शिरला, तर तेच विचलन 12 टक्क्यांच्या पुढे जाते. ज्या कंपनीने भागधारकांना बक्षीस दिले, तीच ‘अधिक जोखमीची’ ठरते!

समायोजित किंमत वापरली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. 9 पैशांचा भाव 1993 मध्ये कोणीही पाहिला नव्हता. स्वस्त शेअरकडे गुंतवणूकदारांचा ओढा असतो काय, किंवा 100 व 1,000 अशा पूर्ण आकड्यांजवळ भाव अडखळतो काय, असा अभ्यास करावयाचा असल्यास समायोजित मालिका निरुपयोगी ठरते. तेथे त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांसमोर असलेला भावच हवा. उलटपक्षी दीर्घकालीन परतावा मोजताना मूळ भाव दिशाभूल करतो. कोणते साधन श्रेष्ठ हा प्रश्न येथे गौण आहे. विचारलेल्या प्रश्नाला कोणते साधन उत्तर देऊ शकते, हे आधी ठरले पाहिजे.

आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. प्रत्येक नव्या बक्षीस शेअरनंतर किंवा विभाजनानंतर समायोजित मालिकेतील सर्व जुने आकडे बदलतात. 2013 मध्ये उतरवून घेतलेली इन्फोसिसची मालिका आणि 2019 मध्ये घेतलेली तीच मालिका यांत एकाच दिवसाचे भाव निरनिराळे दिसतील. शिवाय काही संकलक केवळ बक्षीस व विभाजन यांचे समायोजन करतात, तर काही लाभांशही जमेस धरतात. सबब, माहिती कोठून व कोणत्या तारखेला घेतली आणि समायोजन कशाकशाचे आहे, याची नोंद नसलेल्या प्रबंधाची फेरतपासणी करता येत नाही.

कंपनीचा एखादा व्यवसाय वेगळा काढला जातो तेव्हा प्रश्न अधिक अवघड होतो. 20 जुलै 2023 रोजी रिलायन्स इंडस्ट्रीजमधून वित्तीय सेवांचा व्यवसाय वेगळा झाला. त्यासाठी घेतलेल्या विशेष सत्रात राष्ट्रीय शेअर बाजारात रिलायन्सचा भाव 2,580 रुपये ठरला. आदल्या दिवशी तो 2,841.85 रुपये होता. हा 261.85 रुपयांचा फरक तोटा नव्हता, तर वेगळ्या झालेल्या कंपनीचे ते मूल्य होते. सेन्सेक्समध्येही त्या काळात तात्पुरत्या 31 कंपन्या होत्या. ही पार्श्वभूमी ठाऊक नसणाऱ्याला मात्र त्या दिवशी मोठी घसरणच दिसेल.

निर्देशांक : बदलत्या यादीचा इतिहास

वैयक्तिक शेअरच्या अडचणी टाळण्यासाठी अनेक संशोधक निर्देशांकाचा आश्रय घेतात. परंतु निर्देशांक हीदेखील एक रचना आहे. सेन्सेक्सचे आधारवर्ष 1978-79 असले, तरी तो प्रत्यक्षात 1 जानेवारी 1986 रोजी सुरू झाला. म्हणजे त्यापूर्वीचे त्याचे आकडे मागाहून मोजलेले आहेत. 1981 मधील कोणत्याही गुंतवणूकदाराने सेन्सेक्स पाहून निर्णय घेतलेला नाही. 1 सप्टेंबर 2003 पासून त्याची गणनापद्धतीही बदलली आणि कंपनीच्या एकूण भांडवलाऐवजी बाजारात मुक्तपणे उपलब्ध असलेल्या शेअरच्या मूल्याला भार देण्यात येऊ लागला.

याहून महत्त्वाचा बदल यादीतील नावांचा आहे. आरंभीच्या 30 कंपन्यांत हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, बॉम्बे डाइंग, मुकुंद, बल्लारपूर इंडस्ट्रीज ही नावे होती. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील कागद कारखाना ही त्या काळच्या उद्योगविश्वाची खूण होती. कालांतराने ही नावे यादीतून गेली. बल्लारपूर इंडस्ट्रीज 2020 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सत्यम कॉम्प्युटर्समधील हिशेबाचा घोटाळा 7 जानेवारी 2009 रोजी उघड झाला. त्या एकाच दिवशी शेअरचा भाव तीन-चतुर्थांशांहून अधिक कोसळला आणि त्याच महिन्यात ती कंपनीही यादीतून वगळली गेली.

आजच्या यादीतील 30 कंपन्या घेऊन त्यांच्या गेल्या वीस वर्षांच्या परताव्याचा अभ्यास करणे ही आपल्याकडील प्रकल्पांची नेहमीची पद्धत आहे. या पद्धतीत पराभूतांना आधीच वगळलेले असते. लढाईतून परतलेल्यांचीच साक्ष घेऊन ती लढाई सुरक्षित होती, असे ठरवण्यासारखे हे आहे. अभ्यासाच्या आरंभकाळी यादीत असलेल्या कंपन्या घेऊन त्यांचे पुढे काय झाले ते पाहणे, हाच योग्य मार्ग होय. या कामाचा आदर्श शिकागो विद्यापीठात सापडतो. तेथे 1960 मध्ये स्थापन झालेल्या संशोधन केंद्रात जेम्स लॉरी व लॉरेन्स फिशर यांनी न्यूयॉर्क शेअर बाजारातील 1926 पासूनच्या मासिक किमती संकलित केल्या. लाभांश, विभाजने आणि बाजारातून नाहीशा झालेल्या कंपन्याही त्यांनी हिशेबात धरल्या आणि त्यानंतरच, 1964 मध्ये, परताव्याचे आकडे प्रसिद्ध केले.

लाभांश व कालखंडाची निवड

सेन्सेक्स किंवा निफ्टी यांच्या नेहमीच्या आकड्यांत लाभांश धरलेला नसतो. भाववाढीचा वार्षिक दर 12 टक्के मानला, तर वीस वर्षांत एका रुपयाचे सुमारे 9.6 रुपये होतात. त्यात दीड टक्का लाभांशाची भर घातली व तो पुन्हा गुंतवला, तर तेच सुमारे 12.6 रुपये होतात. याच कारणास्तव ‘सेबी’ने 1 फेब्रुवारी 2018 पासून म्युच्युअल फंडांना आपल्या कामगिरीची तुलना लाभांशासहितच्या निर्देशांकाशी करणे बंधनकारक केले. तत्पूर्वीच्या अभ्यासांत फंडांचे कौशल्य वाजवीपेक्षा मोठे दिसले असल्यास नवल नाही.

कालखंडाची निवड तर निष्कर्षच ठरवून टाकते. एप्रिल 1992 मध्ये, रोखे घोटाळा उघडकीस येण्याच्या सुमारास, सेन्सेक्स 4,400 च्या वर होता. अकरा वर्षांनी, एप्रिल 2003 मध्ये, तो 3,000 च्या आसपास होता. तेथून जानेवारी 2008 मध्ये त्याने 21,000 ची पातळी ओलांडली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो काही काळ 8,000 च्याही खाली गेला. 1992 ते 2003 घ्या, शेअर बाजार म्हणजे जुगार ठरतो. 2003 ते 2007 घ्या, तोच कल्पवृक्ष ठरतो. आकडे दोन्हीकडे खरेच असतात.

बाजाराची व्यवस्थाही या काळात स्थिर नव्हती. 1995 पर्यंत मुंबई शेअर बाजारात सौदे ओरडून होत असत. बदला पद्धतीच्या काळातील भाव आणि जुलै 2001 नंतरच्या रोलिंग सेटलमेंटमधील भाव यांची जडणघडण वेगळी आहे. या दोन काळांतील चढउतारांची तुलना करताना या बदलाचा उल्लेख तरी आवश्यक ठरतो.

समारोप

ही चर्चा केवळ पद्धतिशास्त्रापुरती मर्यादित नाही. महाराष्ट्र शासनाने 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्या नियुक्त्यांसाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना आणली, तेव्हापासून निवृत्तीनंतरचे उत्पन्न ठरवताना बाजाराचा संबंध आला. मागील परताव्याचे आलेख आता शिक्षकांच्या खोलीतही फिरतात आणि वर्गातील विद्यार्थी मोबाइलवर शेअर खरेदी करतो. अशा काळात आलेख काढण्याचे तंत्र शिकवणे सोपे आहे. त्यावर शंका घेण्याची सवय लावणे हे खरे अध्यापन होय.

त्या दृष्टीने मार्गदर्शक प्राध्यापकांनी किमतींवर आधारित प्रत्येक प्रकल्पाच्या आरंभी साधनांविषयी एक पान लिहून घेणे उचित ठरेल. माहितीचा स्रोत व तारीख, समायोजनाचे स्वरूप, वगळलेल्या कंपन्या, लाभांशाचा विचार आणि कालखंड निवडण्याचे कारण एवढ्या पाच बाबी त्यात असाव्यात. बखर वाचू नये, असे राजवाड्यांच्या परंपरेने कधी शिकवले नाही. बखर ही बखर म्हणून वाचावी, एवढेच शिकवले. शेअरच्या किमतींनाही तोच न्याय लागू आहे.